सल्ला हवा: आइसलँडच्या ज्वालामुखी पठारावर वाटाड्यासोबत चार दिवस

तिखटमीठ:
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि माझे बाबा (वय ६७) आइसलँडला जातोय. तिथे चार दिवसांची ऑफरोड मोहीम करायची आहे. मीवात्न तळ्याहून आस्क्या ज्वालामुखी, मग एफ ९१० या कच्च्या रस्त्याने गेसावात्नच्या वाटेने स्प्रेंगिसांदुरचं ओसाड पठार आणि शेवटी लांडमन्नालौगरचे गरम झरे. पर्याय दोन.
१) मोठ्या टायरची सुपरजीप, चालक-वाटाड्या त्यांचाच.
२) भाड्याची फोर-बाय-फोर आपण चालवायची, पुढे वाटाड्याची गाडी.
विमान सोडून माणशी साडेतीन लाख. त्यावर एक रुपया नाही. बाबा ३१ वर्षं एसटीत चालक होते, बहुतेक कुंभार्ली घाटात. कोणी केलंय का?

गियरबॉक्स:
पर्याय १. आम्ही ४४ इंची टायरच्या जीपने हिमनदीवर गेलो होतो. बर्फावर हवा इतकी कमी करतात की टायर पोळीसारखा पसरतो. माणशी सात लाख गेले, पण वसूल!

तिखटमीठ:
साडेतीन, दादा.

घाटमाथा:
एवढे पैसे घालून लाव्हाच बघायचा ना? आपला सह्याद्री त्याचाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कुंभार्लीत गाडी थांबवा, कातळाला हात लावा. फुकट.

आळशी_मुसाफिर:
घाटमाथा, आस्क्याच्या बाजूचं होलुह्रौन हे लाव्हाचं मैदान २०१४-१५ मधलं आहे. सहा महिने लाव्हा वाहत होता, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. माझ्या मुलीपेक्षा लहान जमीन आहे ती. साडेसहा कोटीशी काय तुलना करता?

घाटमाथा:
मुलगी मोठी झाली की सह्याद्री दाखवा.

कोरडा_ओढा:
माझं ऐका, मी भोगलंय. २०१९, थोरस्मोर्क दरीची वाट, छोटी एसयूव्ही, दुपारचे चार. सकाळी त्याच ओढ्यातून एक गाडी आरामात गेलेली पाहिली होती, म्हणून मीही घातली. मधोमध इंजिनाने पाणी ओढलं. आम्ही टपावर. बचाव पथकाचे स्वयंसेवक आले, देवमाणसं. भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा नदीच्या पाण्याने झालेलं नुकसान धरत नाहीत, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. नऊ लाख. म्हणून पर्याय १, डोळे मिटून.

गियरबॉक्स:
मी तेच म्हटलं होतं.

निळासागर:
आधी एक शब्द सुधारा. ‘ऑफरोड’ तिथे गुन्हा आहे. आखलेली वाट सोडून चाक बाहेर गेलं की जबर दंड, कारण तिथलं शेवाळ एकदा दबलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. एफ-रस्ते खडबडीत असले तरी रस्तेच आहेत. ते फक्त उन्हाळ्यात उघडतात आणि फोर-बाय-फोरच लागते.

कोरडा_ओढा यांचं खरं कारण वेळ आहे. हिमनदीचं पाणी दिवसभर वितळून दुपारनंतर चढतं, म्हणून ओलांडायचं ते सकाळी. गेसावात्नच्या वाटेवर तर ऊन असेल तर दुपारी पाणी वाळूवर पसरतं आणि वाट कुठे हेच दिसत नाही. स्प्रेंगिसांदुरवर सुमारे २४० किलोमीटर पेट्रोल नाही. आस्क्याच्या विती विवरापर्यंत वाहनतळापासून अडीच किलोमीटर चालावं लागतं, बाबांचे गुडघे बघा. आणि गाडीचं दार हाताने धरूनच उघडा, वारा बिजागरी उलटी करतो.

चकवा:
लडाखला जा. बाबांना पासपोर्टपण लागणार नाही.

पुरणपोळी:
जेवणाचं कोणीच बोलत नाही! पठारावर दुकान नसतं. मेतकूट, भाजणी, तिखटाच्या पुऱ्या न्या. एक किलो तूप न्या, थंडीत अंगात ऊब राहते.

निळासागर:
ताई, तूप नको. बाहेरून मांस-दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

पुरणपोळी:
तूप म्हणजे दूध नव्हे.

आळशी_मुसाफिर:
कस्टमवाल्यांना लोणी कढवून दाखवा.

कोरडा_ओढा:
विषय गाडीचा आहे. वय ६७, स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी. एसटी आणि हिमनदी यात फरक आहे. पर्याय १.

तिखटमीठ:
सगळ्यांचे आभार. आम्ही पर्याय २ घेतला.
सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. मागच्या सीटवर त्यांना मळमळतं, हे एक. शिवाय नदीत खालच्या गियरमध्ये, एका चालीने, मध्ये गियर न बदलता जायचं, हे वाटाड्याच्या पत्रकात वाचल्यावर ते म्हणाले, “मग वेगळं काय आहे?” गाडी उंच आणि हाताच्या गियरची घेतली. बाबा आणि नवरा आलटून पालटून चालवतील. पाण्याचा विमा नाही, हे माहीत असून घेतलंय. विती बाबा बघणार नाहीत, गाडीपाशी थांबतील.

वाटाड्याने फॉर्ममध्ये विचारलं होतं, पाणी ओलांडायचा अनुभव किती? बाबांनी लिहायला लावलं : “२००५ च्या पुरात मोरीवर पाणी होतं. गाडी अलीकडे लावली. साडेपाच तास. प्रवासी शिव्या देत होते.” दोन ओळींचं उत्तर आलं. हा माणूस माझ्या लगेच मागच्या गाडीत हवा, म्हणे.

कोरडा_ओढा:
विचारता कशाला मग?

गियरबॉक्स:
४४ इंचीची मजा नाही त्यात.

पुरणपोळी:
बाबांना नमस्कार सांगा. भाजणीत तेल घालून चालेल, पण चव तुपाचीच.