गाण्याचा रियाज आणि झोपलेलं मूल: कुणी जमवलंय का?

जायांची_माळ, म्हार्दोळ

मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. पणजीला बँकेत नोकरी, बसनं येऊन-जाऊन. लग्नाआधी नऊ वर्षं खयाल शिकले, नाट्यपदं तर लहानपणापासून. यंदा गावच्या जत्रेतल्या संगीत नाटकात नायिकेचं काम करशील का, असं विचारलंय. सात पदं आहेत. इतकी वर्षं स्त्री-भूमिकेसाठी बाहेरून मानधन देऊन नटी आणायचे. गावच्या सुनेला विचारलं, याचं मला फार मोल वाटतं.

चित्र काढणारी आई मूल झोपल्यावर चित्र काढू शकते. मी तोंड उघडलं की मूल जागं. पावसात बरं होतं. मागच्या पडवीवर पत्रे आहेत, सर कोसळायला लागली की तार सप्तकात, म्हणजे अगदी वरच्या सुरात गायले तरी आत ऐकू जात नसे. जून-जुलैत वीस-वीस मिनिटं तसं गायले. आता पाऊस ओसरला. पहाटे बसावं तर सहाला दारोदार पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजतो आणि दोघंही उठतात. त्यात या बाळंतपणानंतर श्वास पुरत नाही, काळी चार पट्टीतली पदं खाली काळी तीनला आणावी लागतात. तालमी तुळशीच्या लग्नानंतर, रात्री नऊ ते बारा.

नवरा "कर" म्हणतो. सासूबाई म्हणतात, मोगूबाई कुर्डीकरांसारख्या थोर गायिकेनं नाही का मुलं वाढवून गाणं केलं! प्रेमानंच म्हणतात, पण माझी छाती दडपते.

पेटीवाली, डिचोली

बाय, आधी मोगूबाईंचं. 1939 मध्ये त्यांचे पती गेले तेव्हा पदरात तीन लहान मुलं होती. गाणं हेच पोट होतं. तुझं घर पगारावर चालतं आणि गाणं उरलेल्या वेळात. कुर्डीच्या त्या माउलीला हात जोडावेत, पण तिचं माप स्वतःला लावू नये.

आता रियाज. तार सप्तक सध्या सोड. पहाटे पाचला खर्ज, म्हणजे खालचे सूर लाव, हळू आवाजात, पोटावर हात ठेवून. तानपुरा मोबाइलवर, अगदी बारीक. माझी दोन्ही मुलं खर्जाच्या घुमण्यात गाढ झोपायची. बाळंतपणात पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून श्वास तुटतो. तो परत यायला महिने लागतात. जोर करून तार षड्ज ओढलास तर गळा बसेल. काळी तीनलाच गा, आणि पेटीवाल्याला हे आजच सांग, शेवटच्या तालमीला नको. बसमध्ये ओठ मिटून पदांचे शब्द घोळव.

तबला_साखळी

मी बाप म्हणून लिहितो. आमच्या गावात पदांची तालीम वेगळी होते. रविवारी दुपारी दोन तास, फक्त पेटी, तबला आणि गाणारे. मुलगी समोर चटईवर खेळते. रात्रीच्या गद्य तालमींना सुरुवातीचे पंधरा दिवस तुमच्या जागी दुसरं कुणी वाचलं तरी भागतं. पण हे होकार देण्याआधी मागा. नंतर मागितलं की त्याचे उपकार होतात.

आणि नुसत्या "कर"वर थांबू नका, वार ठरवा. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार माझ्या तबल्याचे, बुधवार-शनिवार बायकोचे. ती चित्रं काढते. तिच्या वारी मुलीला ताप आला तरी मीच बघतो. हे ठरायला आम्हाला आठ महिने भांडावं लागलं.

पेडण्याहून

मी चार वर्षं थांबले होते. मूल अंगावर पीत होतं, झोप नव्हती, गाणं समोर आलं की रडू यायचं. परतले तेव्हा आवाज जाड झाला होता, पण तो माझाच होता. यंदा नाही म्हणावंसं वाटलं तर म्हण. फक्त "पुढल्या जत्रेला मला विचारा" एवढं त्यांना सांगून ठेव.

जायांची_माळ, म्हार्दोळ (तीन आठवड्यांनी)

होकार दिला. दिग्दर्शकांनी रविवार मान्य केला, पट्टी काळी तीन. पाचचा खर्ज सुरू आहे. चौथ्या दिवशी धाकटा उठून आला, मांडीवर बसला आणि माझ्या छातीला कान लावून तसाच राहिला. पदेर येईपर्यंत.

वारांचं नवऱ्याशी बोलले. तो बराच वेळ गप्प होता. सोमवार-बुधवार मुलांना बघायला त्यानं घेतले, गुरुवारचं अजून अडलंय.

पेटीवाली ताई, सहावं पद द्रुत आहे. शेवटची तान एका श्वासात होत नाही. कुठे तोडू?

पेटीवाली, डिचोली

अवरोहाच्या, म्हणजे सूर खाली उतरायच्या आधी. वरच्या स्वरावर ठेहराव घे, श्वास घे, मग उतर. तबलजीला आधी सांगून ठेव. आणि एकदा गाऊन मला पाठव, पाठीमागे मूल रडत असलं तरी चालेल.