अण्णांना लीफ्सची मॅच दाखवायची आहे, पण मी पनवती आहे

ब्रॅम्प्टनचा_सांगलीकर | १२ नोव्हेंबर २०२५

मंडळी नमस्कार. प्रश्न चार ओळींचा आहे, पण आधीची कर्मकहाणी ऐकल्याशिवाय अडचण कळायची नाही.

माझे वडील (अण्णा, वय ७१, पस्तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर) डिसेंबरात तीन आठवडे आमच्याकडे येताहेत. नायगारा नको म्हणाले. "पाणीच ना? २०१९ला अंगणात आलं होतं की." सीएन टॉवर नको, मॉल तर नकोच. "तुझ्या त्या पानवाल्यांची एक मॅच दाखव, बास."

पानवाले म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स, इथला आइस हॉकीचा संघ. मी २०११ला इथं आलो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं मला लीफ्सची निळी टोपी दिली आणि वर "सॉरी" म्हणाला. तेव्हा विनोद कळला नव्हता.

संध्याकाळी सातची मॅच म्हणजे हिवाळ्यात सांगलीत पहाटेचे साडेपाच. अण्णा आमराईत फिरून, दूध घेऊन घरी येतात तोवर तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड लागलेला असतो. मग एकच प्रश्न, आधी फोनवर, आता व्हॉट्सअ‍ॅपवर: "पानवाले?" मी स्कोअर टाकतो. हरलो असलो तर उत्तर ठरलेलं: "बरं. जेवलास का?"

नावावरून त्यांचं वेगळंच भांडण आहे. लीफचं अनेकवचन लीव्हज्, मग हे लीफ्स कसे? यांना शाळेत कुणी बसवलंच नाही का? मी वाचून सांगितलं की १९२७ मध्ये कॉन स्माइथनं संघ ताब्यात घेऊन सेंट पॅट्रिक्स हे जुनं नाव बदललं, आणि मेपल लीफ हे सैनिकांच्या बिल्ल्यावरचं मानाचं चिन्ह, म्हणजे जवळजवळ विशेषनामच. दोन दिवस विचार करून म्हणाले, "मग चालेल. पण जिंकत का नाहीत?"

शेवटचा स्टॅन्ली कप (म्हणजे लीगचं विजेतेपद) कधी, हेही त्यांनी विचारलं होतं. २ मे १९६७, मॉन्ट्रियलला हरवून. "म्हणजे कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी. मी सातवीत होतो." तेव्हापासून आमच्या घरात लीफ्सचा कप भूकंपावरून मोजतात.

आता खरी अडचण. मी पनवती आहे. हसू नका, पुरावे देतो.

१३ मे २०१३. नऊ वर्षांनी लीफ्स प्लेऑफला पोचलेले, बॉस्टनशी सातवा आणि शेवटचा सामना. मॅच तिकडं बॉस्टनला, आणि मी इथं अरीनाबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर, हजारोंच्या गर्दीत. तिसऱ्या पिरियडला आपण ४-१ पुढं. लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. मला राहवेना, सांगलीला फोन लावला.

"अण्णा, जिंकलो!"

"संपली?"

"नाही, अजून दहा-बारा मिनिटं आहेत."

"मग संपल्यावर कर." आणि ठेवला.

आधी एक, मग शेवटच्या दीड मिनिटात बॉस्टननं आणखी दोन गोल मारले. बर्जरॉननं बरोबरी साधली तेव्हा घड्याळात ५१ सेकंद होते. ओव्हरटाइमला पुन्हा त्यानंच गोल मारून विषय संपवला, ५-४. चौकात एवढी माणसं, पण पायाखाली चेंगरलेल्या ग्लासांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. मी काही फोन केला नाही. अर्ध्या तासानं त्यांचाच आला. स्कोअर विचारला नाही. "जेवलास का?" म्हणाले. ते तेव्हापासूनचं.

पुरावा दुसरा. २२ फेब्रुवारी २०२०. पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं तिकीट काढून आत बसलो. समोर कॅरोलायना. त्यांचे दोन्ही गोली (गोलकीपर) जखमी झाले. तेव्हाच्या नियमानं अशा वेळी अरीनात बसवलेला एक राखीव गोली कुठल्याही संघाला द्यायचे. तो होता डेव्हिड एर्स, वय ४२, किडनी बदललेली, आणि बर्फ गुळगुळीत करणारं झॅम्बोनी मशीन चालवण्याचं काम केलेला. शेजारचा म्हणाला, आज दहा गोल मारणार आपण. पहिले दोन शॉट आत गेलेही. त्यानंतर त्या माणसानं एकही आत जाऊ दिला नाही. कॅरोलायना ६-३. आमच्याच शहरात कामाला असलेला माणूस, लीफ्सबरोबर सराव करणारा, त्यानंच आम्हाला हरवलं! राग कुणावर काढायचा हेही कळेना.

उलट २०२३ ला टॅम्पाला हरवून १९ वर्षांनी पहिली फेरी जिंकली, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. आमच्या टवारेसचा विजयी गोल मी पाहिलेलाच नाही, बायकोची किंकाळी ऐकली. (अण्णा: "किती फेऱ्या असतात?" मी: "चार." अण्णा: "मग बाकीच्या तीन?")

तर प्रश्न असे. कुठली मॅच घ्यावी, कुठं बसावं? दोघांचे पाचशे डॉलर सहज जातील असं दिसतंय, तेवढं वसूल होईल का? टीव्हीवर अण्णांना पक (खेळायची चकती) दिसत नाही, नियम कसे समजावू? मारामारी झाली तर हे मास्तर माझ्याकडं बघतील, तेव्हा काय बोलू? आणि मी स्वतः जावं, की त्यांना कुणाबरोबर पाठवून मी भांडी घासत बसू?

मिसिसॉगाकर | १२ नोव्हेंबर

सांगलीकर, जावा की राव. २०२० ला आत १९ हजार लोक होते, सगळ्यांनीच पनवतीचं खापर स्वतःवर फोडून घेतलंय.

जागेचं सांगतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला काचेजवळ बसवू नका. महागही पडतं आणि समोरून नुसती धक्काबुक्की दिसते. वरच्या मजल्यावर, गोलच्या मागच्या बाजूला बसा. पाच जणांची रचना कशी उघडते-मिटते ते तिथूनच दिसतं. पक मात्र कुठूनच नीट दिसत नाही. तीन इंच रुंद, एक इंच जाड रबरी चकती, वर फ्रीजरमध्ये गोठवलेली, म्हणजे उसळू नये. अण्णांना सांगा, चकती शोधू नका, खेळाडूंच्या माना कुठं वळतात ते बघा.

शनिवार टाळा, मॉन्ट्रियल आणि बॉस्टन तर टाळाच. आठवड्याच्या मधल्या दिवशी रीसेलचे भाव मॅचच्या आदल्या तासा-दोन तासांत उतरतात, पण वडील बरोबर असताना तो जुगार खेळू नका. गो ट्रेननं युनियन स्टेशनला उतरा, अरीना आतूनच जोडलेलं आहे, बर्फात पाय ठेवावा लागत नाही. सरावाच्या वेळेला, अर्धा तास आधी, आत जाऊन बसा. मला विचाराल तर निम्मे पैसे तिथंच वसूल होतात.

स्केटवाली_काकू | १३ नोव्हेंबर

मी वेगळं सुचवते. अण्णांना बायकांची मॅच दाखवा. टोरांटो सेप्टर्स, एक्झिबिशन प्लेसच्या कोलिझियममध्ये खेळतात. तिकीट लीफ्सच्या मानानं किरकोळ, आणि आवाज जास्त, कारण निम्म्या खुर्च्यांत लहान मुली असतात, घसा फुटेस्तोवर ओरडणाऱ्या. पहिल्या सीझनला नॅटली स्पूनरनं २० गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. माझ्या लेकीनं तिच्या नावाची जर्सी झोपतानासुद्धा काढली नव्हती.

मास्तरांना आवडेल असा एक नियम आहे. शिक्षा झाल्यामुळं एक खेळाडू कमी असलेल्या संघानं गोल मारला, तर शिक्षा तिथंच माफ! पुरुषांच्या लीगमध्ये हे नाही. धक्के इथंही बसतात, पण ठोसाठोशीचं कौतुक होत नाही.

लीफ्सशी लग्न लागलेल्या माणसाला हे पटायचं नाही हे माहीत आहे. तरी लिहिलं.

हॅब्सभक्त_मॉन्ट्रियल | १३ नोव्हेंबर

मॉन्ट्रियलचे २४ कप. एवढंच म्हणतो आणि निघतो.

मिसिसॉगाकर | १३ नोव्हेंबर

@हॅब्सभक्त त्यातला शेवटचा १९९३ चा, भाऊ. त्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाकडं कप आलेला नाही. एकाच बाकावर बसलोय, ढकलू नका. तिकडं बेंगळुरूवाल्यांचासुद्धा नंबर लागला शेवटी.

कोथरूडहून_पहाटे | १४ नोव्हेंबर

मी पुण्यात बसून साडेपाचला उठून लीफ्स बघतो, त्यामुळं अण्णांबद्दल आदर. नियम मी माझ्या सासऱ्यांना असे शिकवलेत, ढापा खुशाल:

पेनल्टी म्हणजे वर्गाबाहेर उभं करणं. दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसायचं, तोवर तुमचा संघ एकानं कमी. समोरच्यांनी गोल मारला की लगेच परत वर्गात. कबड्डी पाहिलेल्या माणसाला माणसं कमी असण्याची किंमत सांगावी लागत नाही.

ऑफसाइड म्हणजे पाहुण्याआधी पाटावर बसायचं नाही. पक हा पाहुणा. तो निळी रेघ ओलांडून आत गेल्याशिवाय तुम्ही आत जायचं नाही.

आयसिंग म्हणजे निव्वळ टाळाटाळ. आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून मोकळं व्हायचं. मग पंच खेळ परत तुमच्याच दाराशी आणतो, आणि दमलेल्या पोरांना बदलूही देत नाही.

आणि दर पाऊण मिनिटाला खेळाडू का बदलतात हे विचारलं, तर त्यांना आमराईत पाऊण मिनिट जीव खाऊन पळायला सांगा.

मारामारीचं माझ्याकडं उत्तर नाही. सासरेबुवांनी तेवढ्यासाठीच बघायला सुरुवात केली.

चर्च_स्ट्रीट | १५ नोव्हेंबर

मॅच बघा न बघा, मेपल लीफ गार्डन्सला अण्णांना न्याच. कार्लटन आणि चर्चच्या कोपऱ्यावर. १९३१ ते १९९९ लीफ्स तिथंच खेळले, ६७ चा कप तिथंच जिंकले. आता तळमजल्यावर किराण्याचं मोठं दुकान आहे. डब्यांच्या दोन रांगांच्या मध्ये जमिनीवर एक लाल ठिपका रंगवलाय, बर्फाचा मध्यबिंदू तिथं होता म्हणून. लोक त्याच्यावरून ट्रॉली ढकलत जातात. मी तिथून दही आणतो.

आणि वरच्या मजल्यावर अजून बर्फ आहे, विद्यापीठाचं रिंक. तुमचा तो एर्स तिथंच कामाला होता.

ब्रॅम्प्टनचा_सांगलीकर | २४ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

काकू, सेप्टर्सची तिकिटं पहिल्यांदा काढली, चार. मुलालाही नेतोय. आमच्या चिरंजीवांनी उन्हाळ्यात लीफ्सचा मार्नर वेगासच्या संघात गेल्यावर त्याच्या नावाची जर्सी कपाटाच्या तळाशी कोंबलीय आणि हॉकीशी बोलणं टाकलंय. त्यात या महिन्याच्या एक तारखेला ब्लू जेजही (इथला बेसबॉलचा संघ) सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगला हरले. नऊ वर्षांच्या पोरानं किती सोसायचं!

लीफ्सच्या तिकिटांचं पान उघडून मी तीन रात्री बसलो होतो. शेवटी काल अण्णांनाच फोन लावला. कोथरूडकर, तुमची पेनल्टी सांगितली. खूश झाले. "दोनच मिनिटं? मी अख्खा तास उभं करायचो." आयसिंगही कळलं. "पेपरात प्रश्न सोडून समासात चित्रं काढणारी पोरं, तीच ही." मारामारीचं मीच काढलं. ते म्हणाले, "मधल्या सुट्टीत रोज सोडवायचो. मला काय दाखवतोस?"

मग धीर करून पनवतीचं बोललो. २०१३ चा फोन, २०२०, भांडी, सगळं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"दहावीच्या बोर्डाला मी सुपरव्हिजनला असलो की त्या खोलीतली पोरं नापास व्हायची," म्हणाले. "सगळे म्हणायचे, सरांची नजर वाईट. अरे, पोरं अभ्यास करायची नाहीत. माझ्या नजरेनं कुणाचं बीजगणित बिघडलं नाही. काढ तिकिटं."

काढली. वरचा मजला, गोलच्या मागं, आठवड्याच्या मधल्या दिवशी. दोघांचे मिळून चारशे साठ. विरुद्ध कोण ते इथं लिहीत नाही, उगाच नजर नको. निळी टोपी बायकोनं धुऊन वाळत टाकली होती, ती तशीच आत घेतली, हवाई अड्ड्यावर घेऊन जाणार.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि तो लाल ठिपका म्हणालास, त्या दुकानात कोथिंबीर मिळते का रे? आई विचारतेय, तिकडं जुडीला किती पडतात."