मदत हवी आहे: गावतळ्यातली जलपर्णी दरवर्षी काढतो, दरवर्षी परत येते. ग्रामसभेत काय मांडू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. वस्ती दोन हजारांच्या आसपास. गावाच्या खालच्या अंगाला जुनं तळं आहे. गुरं पाण्यावर तिथेच येतात, भोई कुटुंबं मासेमारीचा ठेका घेतात, आणि पिण्याच्या पाण्याची एक विहीरही काठालगतच आहे. वरच्या आळीचं गटार गेली कित्येक वर्षं थेट तळ्यात उतरतं.

उन्हाळ्यात पंचायत जेसीबी लावते. जलपर्णी ओढून काठावरच ढीग घालतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की त्या ढिगातलं काळं पाणी उताराने पुन्हा तळ्यात येतं. दिवाळीला बघावं तर पाणी दिसत नाही, नुसता हिरवा गालिचा आणि त्यावर जांभळी फुलं. यंदा ग्रामसभेत पुन्हा तोच ठराव येणार आहे. सोबत काही नव्या सूचनाही आहेत: कुणी म्हणतं तणनाशक मारा, कुणी म्हणतं गवत्या मासा सोडा, कुणी जलपर्णी खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं ऐकून आलंय.

वर्गात परिसंस्थेचा धडा शिकवताना मी याच तळ्याचं उदाहरण घेतलं. ऊर्जा एकाच दिशेने जाते, पदार्थ फिरत राहतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं. त्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, जलपर्णी बाहेर काढली म्हणजे तिने खाल्लेलं खतही बाहेर गेलं ना? मग पुढच्या वर्षीची जलपर्णी काय खाऊन वाढते?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आमच्या ठरावात आजवर तो कुणी विचारलेला नाही.

मला समजतं ते असं. सूर्यप्रकाशाचा अगदी थोडा हिस्सा, साधारण शेकड्यात एखादा, वनस्पती बांधून ठेवतात. त्यातलाही बराच त्या स्वतःच्या जगण्यावर खर्च करतात. खाणाऱ्याकडे जाताना दर पायरीला ढोबळमानाने दहावा हिस्सा पुढे सरकतो, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि परत येत नाही. रेमंड लिंडेमन या तरुण शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यावर हा हिशेब मांडला. तो 1942 साली छापून आला, आणि त्याच वर्षी वयाची 27 वर्षं पुरी होण्याआधीच तो वारला. ऊर्जा रोज नवी येते, ती आपण थांबवू शकत नाही. मग थांबवण्यासारखं जे काही आहे ते पदार्थातच असणार, इथवर मी येते.

पुढचं मला आकड्यांत हवं आहे. तळ्यात किती येतं, जलपर्णीबरोबर किती बाहेर जातं? वर सांगितलेले उपाय या हिशेबात कुठे बसतात? सभेत बहुतेक शेतकरी असतात, त्यांना पटेल अशा मापात सांगता आलं तर फार बरं होईल. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

प्रतिसाद – पाणकोळी

ताई, मी मत्स्यव्यवसायातला. आधी तणनाशकाबद्दल, कारण ते सगळ्यात घातक. फवारल्यावर जलपर्णी पिवळी पडून तळाशी बसते आणि सडते. सडवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात. एवढा पाला एकदम कुजला तर मासे गुदमरून मरतात. आणि तिने शोषलेलं सगळं खत पाण्यातच उरतं, तसूभरही बाहेर जात नाही. शेजारी पिण्याची विहीर असेल तर हा विचारच सोडा.

तुमच्याकडे पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात का, ते भोई मंडळींना विचारा. जलपर्णीचा थर जाड झाला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातलं शेवाळ प्राणवायू बनवत नाही. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर असतात, त्यांचा प्राणवायू हवेत जातो. रात्रभर श्वास मात्र सगळ्यांचा चालू, म्हणून सूर्योदयाआधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. दोन-चार दिवस आभाळ राहिलं की मरतूक व्हायला वेळ लागत नाही.

गवत्या पाण्याखालची मऊ पाणवनस्पती आवडीने खातो. जलपर्णी त्याला फारशी रुचत नाही. आणि खाल्ली तरी विष्ठा तळ्यातच. मासा पकडून बाजारात गेला तरच त्यातलं खत तळ्याबाहेर पडलं म्हणायचं. कटला, रोहू, मृगळ यांच्याबद्दलही हेच: दरवर्षी चांगली काढणी होऊ द्या.

---

प्रतिसाद – ओहोळ

मॅडम, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. हिशेब शेतकऱ्यांच्या मापात देतो.

तळ्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ही दोन मुख्य खतं येतात. त्यात स्फुरदाकडे लक्ष द्या. नत्राला हवेची वाट आहे: काही जिवाणू ते हवेत सोडतात, निळं-हिरवं शेवाळ हवेतून परत बांधतं. स्फुरदाला अशी वाट जवळजवळ नाहीच. ते पाण्याबरोबर येतं आणि गाळात, झाडात, माशात फिरत बसतं.

कॅनडात ऑन्टारिओमधल्या 226 क्रमांकाच्या सरोवरावर डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने 1973 मध्ये याची उघड परीक्षा घेतली. मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कर्ब (कार्बन) आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग काही आठवड्यांत शेवाळाने हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेला त्याचा फोटो वर्गात जरूर दाखवा.

आता तुमचं गाव. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद बाहेर पडतं. दोन हजार माणसांचं झालं एक टन. डीएपी या रासायनिक खताच्या 50 किलोच्या पोत्यावर जो 46 चा आकडा असतो तो ऑक्साइडचा, निव्वळ स्फुरद पोत्यामागे 10 किलो भरतं. म्हणजे गाव दरवर्षी 100 पोती डीएपीइतकं स्फुरद टाकतं. बरंचसं शोषखड्ड्यात जिरत असेल. गटारातून तळ्यात चौथा हिस्साच येतो असं धरलं, तरी 25 पोती. धुण्याच्या पावडरी आणि वरच्या शेतांतून वाहून येणारी माती यात धरलेलीच नाही.

आता बाहेर जाणारं बघा. ओल्या जलपर्णीत 90 ते 95 टक्के पाणी. टनामागे सुका माल 50-60 किलो, आणि त्यात स्फुरद 200 ग्रॅमच्या आसपास. 25 पोत्यांचं 250 किलो स्फुरद काढायला 1250 टन ओली जलपर्णी उचलावी लागेल. ट्रॉलीला तीन टन धरले तर चारशेच्या वर खेपा, आणि त्याही तळ्यापासून दूर. काठावर ढीग घातला तर बाहेर गेलेलं स्फुरद जवळजवळ शून्य.

म्हणून गटार आधी. अमेरिकेत सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये 1963 ते 1968 या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं. 1963 मध्ये पाण्यात जेमतेम एक मीटर खोलवर दिसायचं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तीन मीटरपर्यंत दिसू लागलं. मात्र ते सरोवर खोल आहे. तुमचं उथळ, वर्षानुवर्षांचा गाळ साठलेलं. तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतं. गटार बंद झाल्यावरही काही वर्षं जलपर्णी येतच राहील, हे सभेत आधीच सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या वर्षी लोक म्हणतील, पैसे वाया गेले.

स्वीडनमधल्या ट्रुमेन या उथळ सरोवराचं असंच होतं. सांडपाणी थांबवूनही ते सुधारेना. 1970-71 मध्ये वरचा सुमारे मीटरभर गाळ उपसला, तेव्हा फरक पडला.

---

प्रतिसाद – बांधावरून

ताई, मी ऊस उत्पादक. गाळ आणि जलपर्णी दोन्ही आम्ही शेतात घेतो, तेव्हा हाताखालचं सांगतो.

जलपर्णी ओली ढिगात टाकली तर नुसती सडते, घाण वास सुटतो. आधी उन्हात पसरून कोमेजू द्या, वजन निम्म्याहून खाली येतं आणि वाहतूकही परवडते. मग उसाचं पाचट आणि शेणकाला थराथराने टाकून ढीग रचा. पाचट सुकं, कर्ब भरपूर. जलपर्णी ओली, नत्र जास्त. जोडी छान जमते. चार-पाच दिवसांत ढीग तापतो. आत लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढा, हातात धरवत नाही. पहाटे ढिगातून वाफ निघताना दिसते. दोनदा तरी उलथापालथ करा, म्हणजे कडेचा मालही तापात येतो आणि तुकडे, बिया मरतात. ढीग तळ्याच्या उताराला नको, पलीकडच्या बाजूला रचा.

पोरांना ही सळई दाखवाच. पानांनी वर्षभर गोळा केलेलं ऊन तिथून उष्णता होऊन जातंय. ढीग खचून निम्मा होतो, कारण कर्ब वायू होऊन हवेत गेला. स्फुरद मात्र जेवढं होतं तेवढंच, म्हणून खत किलोमागे जास्त दमदार लागतं. तुमच्या धड्यातल्या दोन्ही गोष्टी एकाच ढिगात आहेत.

एक जपायचं: वरच्या अंगाला कारखाना किंवा वर्कशॉपचं पाणी येत असेल तर जलपर्णीची मुळं जड धातूही ओढतात. मग ते खत भाजीपाल्याला नको. गाळासाठी शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून आहे. तुमचं तळं बसतं का, ते तालुक्याला विचारा.

---

प्रतिसाद – रानवाट

भुंगेऱ्यांबद्दल थोडं. निओकेटिना प्रजातीचे हे भुंगेरे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, जलपर्णीही तिकडचीच. आपल्या देशात ते 1980 च्या दशकात बंगळुरूकडून सुरू झाले. काम करतात, पण त्यांना वर्षं लागतात, आणि मध्येच जेसीबीने सगळं उपसलं तर तेही ढिगात जातात. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात 1990 च्या दशकात त्यांच्यामुळे जलपर्णी खूप घटली. सरोवरात खत येणं मात्र थांबलं नव्हतं, आणि पुढे ती पुन्हा वाढली. भुंगेऱ्याने खाल्लेलं पानही शेवटी तळाशीच बसतं. गटार वळवल्यावर सोबतीला ठेवा, त्याआधी त्यांच्यावर भिस्त नको.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. ओहोळदादा, 25 पोत्यांचा आकडा मी काल स्टाफरूममध्ये सांगितला. आमचे शिपाईकाका स्वतः शेती करतात. ते लगेच म्हणाले, "एवढं डीएपी कुणी फुकट तळ्यात ओतेल का?" सभेत सुरुवात इथूनच करते. बांधावरून, सळईचा प्रयोग शाळेच्या मागे करणार, पाचट एका पालकांनी कबूल केलंय.

ठराव असा मांडायचा विचार आहे: जेसीबीच्या खर्चातला मोठा वाटा यंदा गटारासाठी ठेवायचा, तणनाशक नाही, काठावर ढीग नाही, आणि भोई कुटुंबांना विचारल्याशिवाय पाण्यात काहीही सोडायचं नाही.

आता अडतं ते गटाराच्या पाण्याचं. वरच्या आळीत घरं दाटीवाटीची, प्रत्येकाला शोषखड्डा होणार नाही. तळ्याच्या वर पंचायतीची पाच-सहा गुंठे पडीक जागा आहे. तिथे कर्दळीचा वाफा करून त्यातून पाणी जिरवायचं असं एक जण सुचवतो. कर्दळही स्फुरद धरून ठेवील, म्हणजे ती नेमाने कापून शेतात न्यावी लागणार, एवढं आता कळतंय. पण दीडशे उंबऱ्यांच्या सांडपाण्याला एवढी जागा पुरते का? वाफ्याच्या तळाला खडी किती, आधी गाळ बसायला टाकी लागते का, आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यात घुसू नये म्हणून काय करतात? कुणी आपल्या गावात असा वाफा चालवला असेल तर सांगा. सभा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी आम्ही दोघं-तिघं प्रत्यक्ष पाहायला येऊ.