तलवारींवर भुलू नका

फुलं रंगवलेल्या चिनी मातीच्या बशीच्या पाठीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी आहेत, म्हणजे ती जर्मनीतल्या मायसन कारखान्याचीच, असं काहीजण धरून चालतात. एवढ्यावर खरेदी करू नका. मायसनचा कारखाना 1710 चा, आणि ही खूण पुढच्याच दशकातली. पण पॅरिसच्या सॅमसनसारख्या नकला बनवणाऱ्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्याशी मिळत्याजुळत्या खुणा सर्रास वापरल्या.

आधी फुलं बघा. बशी उजेडात तिरकी धरा आणि पाकळीवरून बोट फिरवा. हे रंग ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या वर, वेगळ्या भट्टीत पक्के केलेले असतात, त्यामुळे बहुतेकदा किंचित उंचवटा लागतो. भिंगाखाली ब्रशचे फटकारे दिसले तर ठीक. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की तो छापा, सोडून द्या. कुठे एखादी सुटी कळी किंवा किडा उगाच काढल्यासारखा वाटला तर हसू नका, त्याखाली भट्टीतला डाग लपवलेला असू शकतो!

तलवारींवर आडवे चरे कोरलेले दिसले तर भाव पाडून मागा. कमी प्रतीचा माल कारखाना स्वतःच तसा खुणावायचा. कधी असा न रंगवलेला पांढरा माल बाहेरच्या चित्रकारांनी रंगवलेला असतो.

सोनेरी कड असलेलं काहीही डिशवॉशरमध्ये घालू नका.