साध्या कामाच्या लॅपटॉपला १२० हर्ट्झ हवा का?

कळफलक (धागाकर्ता)

नवीन मशीन घ्यायचं म्हटलं की प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांवर तासभर खल होतो आणि स्क्रीनची पाळी आली की फक्त इंच विचारले जातात. खिशातला फोन ९० नाहीतर १२० हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, म्हणजेच रिफ्रेश रेट), आणि ज्याच्यासमोर दिवसभर डोळे लावून बसायचं तो डिस्प्ले मात्र ६० वर! माझं मत सरळ आहे: लॅपटॉप असो वा डेस्कटॉप, १२० हा आता किमान असायला हवा. आणि हे गेमिंगसाठी म्हणत नाहीये. मी गेम खेळतच नाही.

६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० ला ८.३. फरक किरकोळ वाटतो, पण एखादं लांबलचक पान स्क्रोल करून बघा. एलसीडी किंवा ओएलईडी स्क्रीन प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पुढची येईपर्यंत जशीच्या तशी धरून ठेवते. आपली नजर मात्र सरकत्या ओळीमागे सलग फिरत असते. फ्रेम जागेवर, नजर पुढे. म्हणून अक्षरं फासल्यासारखी दिसतात. मजकूर सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकत असेल तर ६० वर हा फराटा साधारण १६ पिक्सेलचा होतो, १२० वर ८ चा. १६ पिक्सेल म्हणजे नेहमीच्या टायपात दीड-दोन अक्षरं. हजार ओळींच्या लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये) एक एरर शोधताना ६० वर सरकवा, थांबा, वाचा, पुन्हा सरकवा असं चालतं. १२० वर ठळक मथळे, लाल ओळी चालता चालता टिपता येतात.

निवांत_वाचक

पण सरकताना वाचतं कोण? मी पेज डाऊन दाबतो आणि थांबून वाचतो. मजकूर स्थिर असला की ६० काय आणि २४० काय, तसूभर फरक नाही. कोड, पीडीएफ, एक्सेल, सगळीकडे स्क्रीन बहुतेक वेळ गप्प बसलेली असते.

हर्ट्झ वाढवले की लॅपटॉप कंपनी बजेट दुसरीकडे कुठेतरी कापतेच, आणि ते कुठे कापते ते बघा. ‘१४४ हर्ट्झ’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक लॅपटॉपांत जेमतेम २५० निट्सचं (निट म्हणजे ब्राइटनेसचं एकक) आणि एनटीएससी या रंगांच्या मानकाच्या ४५ टक्केच रंग दाखवणारं पॅनल असतं. खिडकीजवळ बसलात की काही दिसत नाही, आणि लाल रंग विटकरी दिसतो. रिझोल्युशनचंही तेच. १५.६ इंचात १९२०×१०८० म्हणजे इंचाला १४१ पिक्सेल. लहान टायपात ‘द्व’ आणि ‘द्ध’ वेगळे ओळखून दाखवा त्यावर. १४ इंचात २५६०×१६०० घेतलं तर हाच आकडा २१५ च्या आसपास जातो आणि जोडाक्षरं छापल्यासारखी उमटतात. हा फायदा दिवसभर मिळतो, फक्त स्क्रोल करताना नाही. मला दोनातलं एक निवडायला सांगाल तर मी डोळे मिटून रिझोल्युशन घेईन.

जुना_सीआरटी

धागाकर्त्याशी सहमत, थोडी इतिहासाची भर.

६० हा आकडा डोळ्यांच्या मर्यादेवरून आलेला नाही. अमेरिकेत १९४१ साली टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा तिथल्या ६० हर्ट्झ विजेशी जुळवून घेतलं गेलं, आणि तोच आकडा पुढे चिकटून राहिला. सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या जाड मॉनिटरच्या काळात तर ६० वर डोकं उठायचं. नवीन पीसी जोडला की पहिलं काम सेटिंगमध्ये जाऊन ७५ किंवा ८५ करणं. मग एलसीडी आली, मागचा दिवा सतत चालू असल्यामुळे लुकलुक गेली आणि आपण सगळे मुकाट्याने पुन्हा ६० वर आलो.

अजून एक, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सिनेमा २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा अशी दाखवावी लागते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा जो बारीक हिसका जाणवतो, तो यातला. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा.

चार्जर_विसरले

इतिहास झाला, आता बॅटरीचं बोला! कायम १२० वर ठेवलेली स्क्रीन जास्त वीज खाते; पॅनलही खातं आणि दुप्पट फ्रेम काढणारा ग्राफिक्सही. मी प्लगपासून लांब काम करते. मला मीटिंग संपेपर्यंत टिकणारं मशीन हवंय, लोण्यासारखा कर्सर नकोय.

कळफलक

@चार्जर_विसरले, त्याचा उपाय निघालेला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या मॅकबुक प्रोपासून प्रोमोशन आहे, विंडोज ११ मध्ये डायनॅमिक रिफ्रेश रेट आहे; दोन्ही गरजेप्रमाणे हर्ट्झ बदलतात. वाचताना खाली, स्क्रोल केलं की वर, आपोआप.

चार्जर_विसरले

आहे, पण कुणाकडे? विंडोजची ती सोय चालायला पॅनल व्हेरिएबल (बदलत्या) रिफ्रेशचं आणि किमान १२० चं लागतं. ते नसेल तर हाताने ६० करत बसा, आणि मग १४४ चा स्टिकर कव्हरवर फक्त शोभेला. सरसकट ‘किमान १२०’ म्हणायच्या आधी ‘बदलता असेल तर’ एवढं तरी जोडा.

पडद्यामागे

दोन्ही बाजू हर्ट्झच मोजताय. प्रतिसादकाळ कुणी बघणार आहे की नाही? १२० वर एका फ्रेमला ८.३ मिलिसेकंद मिळतात. पिक्सेलला रंग बदलायलाच त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पुढची फ्रेम आली तरी मागचीची सावली उरतेच. स्वस्त व्हीए पॅनलवर (हा एलसीडीचाच एक प्रकार) काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर सरकवून बघा, मागे शेपूट दिसेल. वर ज्या मॅकबुक प्रोचं नाव आलं, त्याच्या मिनी-एलईडी (मागे बारीक एलईडी दिवे असलेल्या) पॅनलवरही हाच आक्षेप घेतला गेला होता: रंग, ब्राइटनेस उत्तम, पण पिक्सेल संथ.

आणि ‘डोळ्यांना आराम’ हा प्रचार कृपया इथे नको. एलसीडी ६० वर सीआरटीसारखी लुकलुकत नाही. ब्राइटनेस कमी केल्यावर डोकं दुखत असेल तर बऱ्याचदा संशयित असतो तो पीडब्ल्यूएम, म्हणजे प्रकाश झपाझप चालू-बंद करून मंद करण्याची पद्धत. तिचा वेग वेगळा, रिफ्रेश रेट वेगळा.

आयटी_हेल्पडेस्क

चर्चा रंगात आलीय म्हणून एक खरा किस्सा. आमच्याकडे एका साहेबांनी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि दोन-चार जणांना बोलावून ‘बघा किती स्मूथ’ म्हणून विंडो इकडून तिकडे ओढून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून पाहिलं तर ६०! विंडोज अनेकदा बाहेरचा मॉनिटर ६० वरच ठेवतं, हाताने बदलावं लागतं.

केबलचाही घोळ असतो. जुन्या एचडीएमआय १.४ वरून ४के (३८४०×२१६०) मॉनिटर जोडलात तर ३० हर्ट्झच मिळतात आणि कर्सर चिखलातून चालल्यासारखा वाटतो. ४के ६० ला २.० लागतं, ४के १२० ला २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४. लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यामध्ये जुना डॉक (जोडणीचा डबा) असेल तर मॉनिटर कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

निवांत_वाचक

हेल्पडेस्कबुवा, हा किस्सा माझ्याच बाजूचा आहे. खुद्द मालकालाच कळलं नाही!

कळफलक

त्याने १४४ पाहिलंच नव्हतं, कळणार कसं? उलटं करून बघा. एक आठवडा १२० वर काम करा आणि मग न सांगता कुणालातरी ६० करायला लावा. पहिल्याच स्क्रोलला विचाराल, मशीन हँग झालंय का.

निवांत_वाचक

कळेल, मान्य. पण सवय लागली म्हणून गरज सिद्ध होत नाही. साठवर माझं कुठलं काम अडलंय, ते सांगा.

जुना_सीआरटी

अडत तर ८०० बाय ६०० वरही नव्हतं :)

नवी_टंकलेखिका

मधेच विचारते. माझं काम फक्त टायपिंगचं. अक्षर उमटायला वेळ लागतो, ते १२० ने सुधारेल का?

पडद्यामागे

सरासरी चारेक मिलिसेकंद वाचतील, तुम्हाला जाणवणार नाहीत. अक्षर दिसण्याइतपत उशिरा उमटत असेल तर कारण दुसरीकडे आहे. ब्राउझरमध्ये टाइप करता ना? तेच वाक्य नोटपॅडमध्ये टाइप करून बघा. तिथे झटपट उमटलं तर टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करा, टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती भरलीय ते बघा. स्क्रीन आहे तीच ठेवा.