‘टू फॅट लेडीज’ आणि ‘गांधीज ब्रेकफस्ट’ : हाउजीतील आकड्यांची टोपणनावे राहावीत की जावीत?

सदाफुली (धागालेखिका)

लेस्टरमधील आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळी मेळाव्यात यंदा हाउजीचे (पुकारलेले आकडे तिकिटावर खोडत जायचा खेळ, इंग्रजांचा बिंगो) आकडे पुकारण्यासाठी शेजारच्या एका निवृत्त इंग्रज गृहस्थांना बोलावले होते. अनेक वर्षे बिंगोच्या सभागृहात काम केल्यामुळे ते नुसता आकडा कधीच सांगत नसत. अकराला ‘लेग्ज इलेव्हन’, बावीसला ‘टू लिट्ल डक्स’ आणि अठ्ठ्याऐंशीला अर्थातच ‘टू फॅट लेडीज’. बदकांचे नाव आले की सभागृहाने ‘क्वॅक क्वॅक’ करायचे असते, हे मुलांनी दोन फेऱ्यांत आत्मसात केले. मग ऐंशी आला आणि ते सहज म्हणाले, ‘गांधीज ब्रेकफस्ट’. इंग्रजीत ‘आठ’ आणि ‘खाल्ले’ या दोन्ही शब्दांचा उच्चार जवळपास एकच असल्यामुळे ‘आठ-शून्य’ म्हणजे ‘काही खाल्ले नाही’, अशी ती कोटी आहे. तरुणांना ती कळलीच नाही. ज्येष्ठांना कळली आणि पुढचे दोन आकडे कोणी नीट ऐकले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या आजी पुण्यात आगाखान पॅलेसजवळ वाढलेल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी तिथे एकवीस दिवसांचा उपास केला होता, तो त्यांच्यासाठी थट्टेचा विषय नाही. कोणाच्या लठ्ठपणावर, पायांवर किंवा उपासावर उभी असलेली ही नावे आता टाकून द्यावीत, असे माझे मत आहे.

पलटणवाला

पूर्णपणे असहमत. ही नावे थट्टेसाठी जन्मली नाहीत, ती कानासाठी जन्मली. गजबजलेल्या सभागृहात ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ किंवा ‘सिक्स्टीन’ आणि ‘सिक्स्टी’ यांत घोटाळा झाला, कोणी चुकीचा आकडा खोडला आणि फुल हाउसचा, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे खोडल्याचा, दावा केला, तर आपल्याकडच्या नियमाने तिकीट बोगी, म्हणजे बाद, ठरते. ‘अनलकी फॉर सम’ ऐकल्यावर तेराखेरीज दुसरे काही खोडले जाणे शक्य नाही.

शिवाय प्रत्येक नावात त्या देशाचा एक तुकडा साठवलेला आहे. नवाला ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’ म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी डॉक्टर बहुतेक तक्रारींवर ‘नंबर नाइन’ ही रेचकाची गोळी देत असत. शहात्तरला ‘वॉज शी वर्थ इट?’ असे विचारतात, कारण विवाहाचा परवाना एके काळी सात शिलिंग सहा पेन्सला मिळत असे. त्यावर सभागृहातून ‘एव्हरी पेनी’ असे उत्तर येते. शिलिंग फेब्रुवारी १९७१ मध्ये हिशेबातून गेले, प्रश्न मात्र अजून विचारला जातो. एकवीसला ‘की ऑफ द डोअर’ म्हणतात, कारण सज्ञान झाल्यावर घराची किल्ली मिळायची, आणि तिथे सज्ञान होण्याचे वय अठरा होऊन अर्धशतक उलटले आहे. सडबरी या सफोकमधल्या गावी २००९ साली कोणी दुखावेल या भीतीने नगर परिषदेच्या बिंगोत ‘टू फॅट लेडीज’ म्हणणे थांबवले गेले, तेव्हा झाले काय, तर गावाचे हसे झाले.

देवनागरी

पलटणवाला यांचा कानाचा मुद्दा बरोबर आहे, पण डोळ्याचा मुद्दा राहिला. बदके, लठ्ठ बायका, पाय ही सगळी नावे इंग्रजी आकड्यांच्या आकारावरून आली आहेत. देवनागरीत २२ लिहून पाहा, त्यात बदक दिसते का? ८८ मध्ये फार तर दोन छपरे दिसतील. आपली तिकिटे इंग्रजी आकड्यांत छापली जातात म्हणून हे खपून जाते, इतकेच.

उलट आकारावरून पडलेले आपले एक अप्रतिम नाव आपल्याच भाषेत आहे. ३६ मधले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात, म्हणून तर ‘छत्तीसचा आकडा’. बारा बलुतेदार, सोळा आणे, तेहतीस कोटी, बावनकशी, छप्पन्न भोग, चौसष्ट कला, पंचाहत्तरचा अमृतमहोत्सव, एक्क्याऐंशीचे सहस्रचंद्रदर्शन, एवढा साठा असताना उसनी नावे कशाला हवीत? दुर्दैवाने हाउजी नव्वदला संपते, त्यामुळे शहाण्णव कुळींना प्रवेश नाही. आणि कानाचेच म्हणाल, तर एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आज किती मुलांचा गोंधळ होतो ते घरी तपासून पाहा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आणले तेव्हा आपण सगळे तावातावाने भांडलो होतो. त्या अवघड संख्यानामांना टोपणनावाचा टेकू दिला असता तर बरे झाले असते.

पलटणवाला

साठ आला की काय पुकारणार? ‘साठी बुद्धी नाठी’? मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझ्या सोसायटीच्या कोजागरीला पहिल्या दोन रांगांत माझ्याच वयाची माणसे बसलेली असतात. आणि अठराला ‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हटले की हसायचे कोणी? आपले टोमणे आपल्याला टोचत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत.

मांडवीकाठ

गोव्यात फेस्ताच्या दिवशी, फुटबॉलच्या मैदानावर हाउजी खेळत मोठा झालेला माणूस म्हणून एवढेच सांगतो की समिती नेमून टोपणनावे चालत नाहीत. दहाच्या नावाकडे पाहा. डाउनिंग स्ट्रीटवरच्या दहा क्रमांकाच्या घरात जो पंतप्रधान असेल त्याच्या नावाची ती ‘डेन’ (गुहा), त्यामुळे २०२२ मध्ये बिचाऱ्या पुकारणाऱ्यांना दोनदा नाव बदलावे लागले आणि त्यांनी ते कोणाला न विचारता बदलले. बोलणारा बदलतो, ऐकणारे हसतात किंवा गप्प बसतात. सदाफुली यांच्या सभागृहात लोक गप्प बसले, हाच त्या नावाचा निकाल होता. देवनागरी यांची यादी सुंदर आहे, पण ‘सहस्रचंद्रदर्शन’ पुकारून होईपर्यंत पुढचा आकडा निघालेला असेल.

सदाफुली (धागालेखिका)

‘सगळी नावे टाका’ हे माझे म्हणणे मी मागे घेते; शहात्तरचे उत्तर तर पुढच्या वेळी मीच मोठ्याने देणार आहे. ‘टू फॅट लेडीज’बद्दल मात्र माझे मत कायम आहे, कारण सडबरीचे हसे करणाऱ्यांत अठ्ठ्याऐंशीच्या वेळी ज्यांच्याकडे माना वळतात त्या बायका किती होत्या, हे कोणी सांगितलेले नाही. काल त्या गृहस्थांना फोन करून ऐंशीबद्दल संकोचत विचारले. ते क्षणभर थांबले, आजींची क्षमा मागितली आणि म्हणाले की ऐंशीला ‘एट अँड ब्लँक’ हेही जुनेच नाव आहे, संक्रांतीच्या मेळाव्यात ते वापरू. मग त्यांनी विचारले, की तुमच्या भाषेत छत्तीसला काय म्हणतात. मी कागदावर ३६ लिहून त्याचे छायाचित्र पाठवले आहे.