मदत हवी आहे: पोलीस ठाण्यातील जुन्या अदखलपात्र (किरकोळ तक्रारींच्या) नोंदी माहिती अधिकारात मिळतात का?

अलास्कातील उनालास्का या दूरच्या मासेमारी बंदरातील पोलिसांची दैनंदिन नोंदवही तिच्या विनोदासाठी ओळखली जाते. पादचाऱ्यांवर झडप घालणाऱ्या गरुडांपासून झिंगलेल्या खलाशांपर्यंत सारे काही तिथे गंभीर चेहऱ्याने टिपलेले असते, आणि खरी गंमत त्या गांभीर्यातच आहे. सांगलीतून निघणाऱ्या आमच्या छोट्या दिवाळी अंकासाठी तसेच सदर इथल्या नोंदींवरून करायचे आहे: बांधावरची हमरीतुमरी, शेजाऱ्याच्या हळदीत शिरलेली म्हैस, कोंबड्याच्या मालकीचा वाद. (असा ऐवज आपल्याकडे कमी नसावा.)

राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबरी अहवाल पाहता येतात, परंतु अदखलपात्र नोंदी तेथे सापडल्या नाहीत. एका ठाण्यात तोंडी विचारणा केली असता "लेखी अर्ज द्या" एवढेच उत्तर मिळाले. नावे, पत्ते आम्हाला नकोतच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार (देता न येणारा भाग वगळून उरलेली माहिती देण्याची तरतूद) ते वगळून केवळ निकाली निघालेल्या नोंदींचा मजकूर हवा आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा आहे.

अशा नोंदी कोणाला प्रत्यक्ष मिळाल्या आहेत का, आणि वैयक्तिक माहितीचे कारण देऊन कलम ८(१)(ञ) खाली नकार येऊ नये यासाठी अर्जात नेमकी मागणी कोणत्या शब्दांत करावी?